चेतापेशींना ‘विषबाधा’ होते का?

प्रश्न : एका शोधनिबंधाचा गोषवारा मराठीत करतेय. प्लेटमध्ये वाढवलेल्या चेतापेशींवर निरनिराळी अल्कोहोलं आणि अल्डिहाइडं घालून काय होतं ते पाहिलंय. मी शीर्षक दिलं, ‘मद्यार्क व अल्डिहाइडांमुळे संवर्धित चेतापेशींना होणारी विषबाधा’. कानाला खटकतंय, पण कुठे ते सापडत नाही.

– दोन ठिकाणी खटकतंय. विषबाधा माणसाला होते, जनावराला होते. उलट्या, भोवळ, धावपळ हे सगळं त्या शब्दात येतं. पेशीच्या बाबतीत ‘विषारी परिणाम’ पुरे. दुसरं, मद्यार्क म्हणजे दारूतलं इथेनॉल. यादीत मिथेनॉलही असेल, तर त्याला मद्यार्क म्हणणं शब्दाची चूक तर आहेच, शिवाय घातकही. शरीरात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि ते पेशीचं श्वसनच अडवतं. डोळे जातात ते त्यामुळे. सरळ ‘अल्कोहोल’ लिहा.

प्रश्नकर्ती : पण मद्यार्क निदान आपला शब्द आहे ना?

– अर्धाच! त्यातला ‘अर्क’ अरबीतून आलाय. अल्कोहोलही तिथलंच : अल्-कुह्ल, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. अल्डिहाइडची गोष्ट याहून मजेची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून ते नाव केलं. अर्थ, ‘हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल’. अख्खी अभिक्रिया नावातच. याला प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्नकर्ती : पटलं. निबंधात एमटीटी चाचणी आहे. तिथे ‘अमुक टक्के पेशी मेल्या’ असं लिहिलंय मी.

– ते आधी खोडा. त्या चाचणीत पिवळं द्रव्य घालतात, कामात असलेल्या पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून रंग मोजतात. रंग फिका आला तर पेशी मेल्या असतील किंवा नुसत्या मंदावल्या असतील. म्हणून ‘चयापचय अमुक टक्क्यांनी घटला’. एलडीएच हे पेशीच्या आतलं विकर (एन्झाइम) बाहेर, पेशी वाढतात त्या द्रवात गळलेलं मोजलं असेल, तर पेशीपटल फाटलंय. तिथे ‘मेल्या’ चालेल.

– आणि ‘मात्रा’ही नको. मात्रा रोग्याला देतात, इथे ‘संहती’, म्हणजे द्रावणातलं प्रमाण. तीही ‘सुरुवातीची संहती’ म्हणा. ॲसिटाल्डिहाइड सुमारे २० अंशांना उकळतं आणि प्लेट ठेवलेली असते ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. झाकण नीट बंद नसेल तर घातलेलं बरंचसं तासाभरात उडून जातं, प्लेटमधल्या शेजारच्या खळग्यांतही पोचतं. ‘पेशींना इतकं मिळालं’ असं छातीठोकपणे लिहिता येत नाही.

प्रश्नकर्ती : मग शीर्षक : ‘संवर्धित चेतापेशींवर अल्कोहोल व अल्डिहाइडांचे विषारी परिणाम’. ‘संवर्धित’ ठेवू?

– ठेवा. बोलताना मात्र आम्ही ‘कल्चरमधल्या’च म्हणतो.