'स्कुओला' म्हणजे शाळा नव्हे, मग काय?

रेवा: व्हेनिसच्या चित्रांवरचा मजकूर मराठीत करतेय. 'स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को'चं 'सेंट रॉकची मोठी शाळा' असं भाषांतर समोर आहे. शाळेचा इथे काही संबंध नाही. 1478 सालची ही गृहस्थांची धार्मिक संस्था: वर्गणी, सामुदायिक प्रार्थना, आजारी सभासदाला मदत, मेलेल्याचं दफन. 'धर्मबंधुसंघ' चालेल?

पोथीवाला: 'धर्मबंधू' नको. ख्रिस्ती मराठीत धर्मबंधू म्हणजे व्रतस्थ ब्रदर. हे तर बायकामुलं असलेले कारागीर आणि व्यापारी. शिवाय बेर्गामोच्या 'मिझेरिकोर्दिया माज्जोरे' या अशाच संस्थेत स्त्री-सभासदांची स्वतंत्र नोंदवही 1265 पासून आहे, तिथे 'बंधू' कसं बसवणार? 'प्रापंचिकांचं मंडळ' म्हणावं.

अमोल: प्रोटेस्टंट मराठीत 'मंडळी' म्हणजे चर्चच. घोटाळा होईल.

पोथीवाला: मंडळ आणि मंडळी यांत वाचक गल्लत करत नाही. फ्लॉरेन्सच्या 'लाउदेसीं'ना, म्हणजे 'लाउदा' ही स्तुतिगीतं गाणाऱ्या अशाच संस्थांना, तर 'भजनी मंडळ' हाच शब्द शोभतो. संध्याकाळी मेरीच्या प्रतिमेसमोर जमून, हातात मेणबत्त्या घेऊन, लॅटिन सोडून लोकभाषेत 'लाउदा' गायच्या. पुढे चौदाव्या शतकात पगारी गायकही ठेवले. सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या लाउदेसींनी 1285 मध्ये दुच्चो या चित्रकाराकडून प्रचंड मेरीचित्र करून घेतलं. करार 150 लिरांचा, सोनं आणि निळा रंग चित्रकारानं स्वतःच्या पैशानं आणायचा. चित्र पसंत पडलं नाही तर मंडळ ते नाकारू शकेल, आणि मग पैसेही नाहीत.

मीनल: 'भजनी मंडळ' म्हटलं की टाळ-मृदंग डोळ्यांपुढे येतात. ही आपली छाप दुसऱ्यावर मारणं झालं. 'लाउदेसी' तसंच ठेवावं.

रेवा: आणि 'दिशिप्लिनाती'? कोणीतरी 'शिस्तबद्ध' केलंय.

अमोल: साफ चूक. इथे 'दिशिप्लिना' म्हणजे स्वतःला मारून घ्यायचा चाबूक. 1260 मध्ये पेरुजात रानिएरो फासानीच्या प्रेरणेनं असं मारून घेणाऱ्या संघांची लाट उठली. पांढरा झगा, पाठीवर मुद्दाम उघडा, म्हणजे फटका थेट अंगावर बसावा. 'कोरडेकरी' कसं वाटतं?

मीनल: कोरडेकरी म्हणजे दुसऱ्याला कोरडे ओढणारा, असं वाटेल. 'आत्मताडक' म्हणा.

अमोल: आत्मताडक कुणी बोलतं का? पोतराज आसूड स्वतःवरच ओढतो, तेव्हा मराठीला ही कल्पना परकी नाही.

पोथीवाला: पोतराज देवीच्या नावानं दारोदार जाऊन मागतो, हे लोक पापाच्या प्रायश्चित्तासाठी मारून घेत. आसूड सारखा असला तरी अर्थ निराळा.

सुलभा: शब्द आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज 'कोंफ्रारिया'वरून आलेली 'कोंफ्र' आजही चर्चच्या मिरवणुकीत असते, झगे घालून. तोच घ्या.

मीनल: गोव्याबाहेर किती मराठी वाचकांना कळेल?

अमोल: व्हेनिसच्या स्कुओलात 'ग्वार्दियान दा मातीन' नावाचा पदाधिकारी होता. शब्दशः 'सकाळचा रक्षक', काम मात्र मिरवणुकांची व्यवस्था. त्याला वारीतला 'चोपदार' म्हणायला काय हरकत आहे?

सुलभा: चोपदार चपखल. पण मग त्यांच्या नियमपोथीचं, 'मारिएगोला'चं काय? हा शब्द 'मातेर रेगुला'वरून आला, मूळ नियम.

पोथीवाला: 'मात्रिकुला'वरून, सभासदांची यादी. ते 'मातेर' मागाहून जोडलेलं वाटतं.

सुलभा: पण पोथीत यादीच्या आधी नियमच असतात!