सोसायटीबाहेरच्या फुटपाथवरचं शेवाळ: घासायचं कोणी?

मानपाडा_पायी:
सोसायटी ठाण्यात, मानपाड्याला, आतल्या रस्त्याला लागून. भिंतीबाहेर पालिकेचा पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ, साधारण ४० मीटर लांब. जून सरता सरता त्यातला अर्धा हिरवागार होतो आणि ज्येष्ठ मंडळी रिक्षांच्या मधून रस्त्यावरून चालतात. कमिटीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, हाउसकीपिंगवाले आहेतच, त्यांच्याकडून घासून घ्या. अमेरिकेत घरासमोरचा बर्फ घरमालकच उपसतो की! दुसरा म्हणतो, मग मालमत्ता कर कशाला भरतो? एकदा हात लावला की जबाबदारी कायमची गळ्यात. कायद्याने काम कोणाचं? आणि आपणच करायचं ठरलं तर कसं करायचं? रविवारी मीटिंग आहे.

उथळसरकर:
काम पालिकेचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांची साफसफाई आणि देखभाल त्यातच येते. लेखी तक्रार माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत द्या. त्यातही दोन वेगळे अर्ज करा: शेवाळ आणि कचऱ्यासाठी स्वच्छता निरीक्षकाच्या नावाने, खचलेल्या ब्लॉकसाठी बांधकाम विभागाच्या अभियंत्याच्या नावाने. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. फोटो जोडा, पोहोच घ्या.

गळ्यात पडायची भीती मात्र चुकीच्या जागी आहे. साफ केल्याने फुटपाथ तुमचा होत नाही. अडचण वेगळीच आहे: शेवाळ तुमच्याच पाण्याने वाढत असेल तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार, आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची नीट व्यवस्था न ठेवल्यामुळे सार्वजनिक वाटेवर कोणाला धोका, अडथळा किंवा इजा झाली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत हाच दंड २०० रुपये होता. कोणी पडून हाड मोडलं तर भरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

नेरुळ_सेक्टर:
बर्फाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. न्यूयॉर्कमध्ये सकाळी ७ ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान बर्फ थांबला तर लगतच्या मालकाने ४ तासांत फुटपाथ मोकळा करायचा असतो. रात्री ९ नंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत मुदत. पण २००३ पासून तिथे पडलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी लगतच्या मालकावर टाकली, तेव्हा मालक स्वतः राहत असलेली एक ते तीन कुटुंबांची घरं त्यातून वगळली. म्हणजे उपसायचं सगळ्यांनी, कोर्टात जबाबदार धरायचं बाकीच्या मालकांना. उलट मॉन्ट्रियलमध्ये फुटपाथवरचा बर्फ शहरच यंत्रांनी काढतं.

शिवाय बर्फ आभाळातून पडतो, सगळ्यांच्या दारात सारखा. शेवाळ तसं नाही, ते पाणी मुरतं तिथेच धरतं. त्यामुळे 'प्रत्येक सोसायटीने आपल्यासमोरचं घासावं' असा सरसकट नियम इथे मला पटत नाही. ज्याचं पाणी त्याने बंद करावं, बाकीचं पालिकेने पाहावं.

पन्हळ_आणि_पाइप:
वरच्या मुद्द्यावरूनच सुरुवात करा. आधी पाणी शोधा, खराटा नंतर. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले की भिंतीच्या बाहेरून फिरा. गच्चीच्या पाइपचं तोंड भिंतीतून थेट फुटपाथवर काढलंय का, बागेचं पाणी भिंतीखालून पाझरतंय का, एसीचे पाइप बाहेर टपकतायत का, ते बघा. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज सोडतो, म्हणून काही ठिकाणी दिवाळीनंतरही हिरवा पट्टा सुकत नाही.

गच्चीचा पाइप आत वळवून सोसायटीच्या गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडा. भिंतीतल्या वीप होलमधून (मागच्या मातीतलं पाणी बाहेर पडायला ठेवलेल्या भोकांतून) पाणी येत असेल तर ती भोकं सिमेंटने बुजवू नका. हे फार ठिकाणी करतात. मागच्या मातीत पाणी तुंबतं, भिंतीवर दाब येतो, आधी पोट सुटतं आणि एखाद्या जोरदार पावसात भिंत बाहेर कोसळते, तीही फुटपाथवरच. उपाय आतून करायचा: भिंतीलगत चर, त्यात खडी, खडीत ४ इंची सच्छिद्र पाइप आणि तो आतल्या चेंबरला जोडलेला. हे काम पावसाळ्यानंतरचं.

मग उतार. फुटपाथचा उतार रस्त्याकडे साधारण ५० ला १ हवा, म्हणजे १.८ मीटर रुंदीला ३६ मिलिमीटर. बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनीही डबकं राहिलं तर ब्लॉकखालची वाळू वाहून गेली आहे. तिथे घासून उपयोग नाही, तो अभियंत्याच्या अर्जातला भाग.

आता घासणं. पावसाची दोन तास उघडीप बघा, वाहतं पाणी असेल तर औषध टिकत नाही. खराट्याने किंवा कडक ब्रशने सुटेल तेवढं शेवाळ कोरडंच काढा आणि ते कचऱ्यात टाका, गटारात लोटू नका. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळून अर्धा तास बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं वापरा, खालच्या साक्याने पांढरे डाग पडतात. एवढ्यात साधारण १० चौरस मीटर होतं. १५-२० मिनिटं ओलं राहू द्या, मग घासून कमीत कमी पाण्याने धुवा. पावडर ताजी, बंद पाकिटातली घ्या. उघडं पोतं महिनाभर पडलं की त्यातला क्लोरीन उडतो आणि मग लोक म्हणतात औषधात दम नाही. रबरी हातमोजे, चष्मा, गमबूट घालायलाच हवेत. झाडाच्या आळ्यापासून अर्धा मीटर नुसता ब्रश.

टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरू नका. ते सिमेंट खातं, आणि ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. शेवाळ मारायला मोरचूदही नको. गटाराचं पाणी शेवटी खाडीतच जातं आणि मोरचूद माशांना विष आहे.

कोपरखैरणे_१९:
प्रेशर पंपाचं कोणी लिहिलं नाही. पंखा नोझल, एक फूट अंतर, तिरका फवारा, तर ठीक. हाउसकीपिंगवाले धारदार नोझल थेट सांध्यात मारतात. दोन ब्लॉकमधली बारीक वाळू निघून जाते, ब्लॉक हलायला लागतो, आणि मग पाय ठेवला की खालून चिखलाची चिळकांडी थेट पँटवर! वाळू परत भरायची तर सांधा पूर्ण सुकलेला लागतो, म्हणजे ऑक्टोबर उजाडतो.

उथळसरकर:
चेंबरबद्दल एक सांगायचं राहिलं. घासताना झाकण तुंबलेलं दिसलं की सुपरवायझर हमखास म्हणतो, उघडून बघू का. नाही. कोणालाही आत उतरवायचं नाही. मलवाहिनी किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पावसाळी गटार असलं तरी आतला वायू कागद बघून थांबत नाही.

मानपाडा_पायी:
आभारी आहे. गच्चीच्या दोन पाइपांची तोंडं बाहेरच निघतात, ती वळवायचा ठराव मांडतो. हाउसकीपिंगच्या कंत्राटात फुटपाथ नाही. तोंडी सांगितलं तर चालेल का?

कोपरखैरणे_१९:
तोंडी नको हो. कंत्राटदाराला लेखी पत्र द्या: कुठून कुठपर्यंत, पंधरा दिवसांतून एकदा, फक्त घासणं आणि ब्लीचिंग. माणूस गेटबाहेर घसरला तर विमा कंपनी पहिला प्रश्न कामाच्या जागेचा विचारते. कंत्राटदाराची ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) किंवा कामगार भरपाईची पॉलिसी चालू आहे का, त्याची प्रत मागून घ्या. आणि काम चालू असताना दोन्ही टोकांना शंकू लावा, ब्लीचिंग टाकलेला ब्लॉक शेवाळाइतकाच निसरडा असतो.