मदत हवी आहे: अमूर्त रचनेत विषम तोल बसत नाही, सगळं डावीकडे कलतंय

कागदपट्टी:
लोकहो, आडव्या ए-३ कागदावर (४२० × २९७ मिमी) पोस्टरसाठी अमूर्त रचना करतेय. दोन्ही बाजू सारख्या नकोत, पण तोल हवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर डावीकडे १४० मिमी व्यासाचं काळं वर्तुळ, केंद्र डाव्या कडेपासून ११० मिमीवर. उजवीकडे ४ × १८० मिमीच्या तीन काळ्या आडव्या पट्ट्या, मध्य ३१० मिमीवर. त्यांच्याखाली २० मिमीचा लाल चौकोन, मध्य ३३० मिमीवर. उजवीकडे ठिपके, त्रिकोण घालून पाहिले. गिचमिड झाली, कल तसाच. चौकोन ८० मिमीचा केला तर तो वर्तुळाशी भांडतो. नेमकं काय चुकतंय?

ओळंबा:
भर घालणं थांबवा, आहे तेच सरकवा. बागेतला सी-सॉ आठवा: जड मूल मधल्या दांड्याजवळ बसतं, हलकं टोकाला. तुमचं जड मूलही टोकाकडे बसलंय.

कच्चा हिशेब असा: क्षेत्रफळ गुणिले मधल्या उभ्या रेषेपासूनचं अंतर. मध्य २१० मिमीवर. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौ. मिमी, अंतर १००, म्हणजे १५.४ लाख. उजवीकडे पट्ट्या २.१६ लाख, चौकोन ०.४८ लाख, मिळून २.६४. जवळजवळ सहापट फरक आहे, तो ठिपक्यांनी कसा भरणार?

आता हे करून पाहा. वर्तुळाचं केंद्र १६५ मिमीवर आणा, वरून १६० मिमी. पट्ट्या ६० अंशांत उजवीकडे चढत्या करा, मध्य २८५ मिमीवर, वरून १५०, दोन पट्ट्यांत १२ मिमी. चौकोन ३० मिमीचा, मध्य ३७५ मिमीवर, वरून २२५. वर्तुळ ४० टक्के करड्या रंगात ठेवा. करड्याचं वजन त्याच प्रमाणात कमी धरलं, तर डावीकडे २.७७ लाख आणि उजवीकडे १.६२ अधिक १.४९, म्हणजे ३.११.

हा आकडा फक्त सुरुवातीसाठी. लाल रंग, एकटेपणा, दिशा यांचं वजन त्यात नाही आणि डोळा ते मोजतोच. रशियन चित्रकार एल लिसित्स्कीचं १९१९ चं लाल पाचरीचं भित्तिपत्रक नीट पाहा: डावीकडची पाचर उजवीकडच्या पांढऱ्या वर्तुळापेक्षा लहान आहे, तरी टोकामुळे सगळा जोर तिच्याकडे जातो. तुमच्या आडव्या पट्ट्या कागदाच्या कडेला समांतर होत्या, म्हणून त्या काहीच ढकलत नव्हत्या. तिरक्या झाल्या की नजर वर उजवीकडे जाईल. चौकोन खाली ठेवायला सांगितलं ते यासाठीच. नाहीतर नजर त्या कोपऱ्यातून कागदाबाहेर पडते.

कातरकाम:
वरचं पटलं. एक भर: पडद्यावर लगेच काही पक्कं करू नका. काळ्या, करड्या, लाल कागदाचे आकार कापा आणि न चिकटवता सरकवत बसा. एका वेळी एकच आकार, ५-५ मिमीने. प्रत्येक वेळी वरून मोबाइलने फोटो काढा आणि तो नखाएवढा करून पाहा. लहान फोटोत तपशील जातो, वजन उरतं. नंतर कागद टेबलावरच, वरची कड खाली येईल असा फिरवून बघा; डावीकडून उजवीकडे वाचायची सवय मोडते आणि कल चटकन दिसतो.

दोन गोष्टींनी हमखास घात होतो. पहिली, स्पर्श. पट्टीचं टोक वर्तुळाला जेमतेम टेकलं की डोळा तिथेच अडकतो. एकतर १५-२० मिमी फट ठेवा, नाहीतर स्पष्टपणे एकावर एक घ्या. दुसरी, सारख्या फटी. चौकोनापासून उजवी कड ३० मिमी आणि खालची कडही ३० मिमी ठेवली तर तो कोपऱ्यात चिकटवल्यासारखा दिसतो. ओळंबा यांच्या मापांत खाली ५७ मिमी सुटतात, ते योग्य आहे. वरची डावी रिकामी जागाही आकारच समजा. तिथे काही टाकायचा मोह टाळा.

कागदपट्टी:
दोघांचेही आभार. मापं घेऊन मांडलं, कल गेला. पण करडं वर्तुळ मलूल दिसतंय, पोस्टर लांबून दिसायला हवं. काळं ठेवता येईल का?

ओळंबा:
येईल. मग व्यास १०० मिमी करा, केंद्र तिथेच. क्षेत्रफळ सुमारे ७,८५० चौ. मिमी, हिशेब ३.५३ लाख. उजवीकडच्या ३.११ पेक्षा थोडं जास्त, पण ती तूट लाल रंग भरून काढेल. त्यासाठी लाल शुद्ध हवा. छापताना तो तपकिरीकडे झुकला तर उजवी बाजू पुन्हा हलकी पडेल, म्हणून आधी त्याच कागदावर एक नमुना प्रत काढून भिंतीवर लावा आणि तीन मीटरवरून बघा. तरीही डावीकडे ओढ वाटली तर चौकोनाला हात लावू नका. वर्तुळच आणखी ५ मिमी मध्याकडे घ्या.