शब्दचर्चा : 'शाही उद्यान' म्हणजे राजा दोनदा?

अनुवादवाली, सोलापूर :
मंडळी, एक शब्द अडलाय. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या बागांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'रॉयल लँडस्केप गार्डन' दर चार ओळींनी येतं. मोबाइलने सुचवलं, 'शाही भूदृश्य उद्यान'. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "ही बाग आहे का मोजणीचा नकाशा?"

नुसतं 'बाग' लिहून भागत नाही, कारण लेखाचा सगळा जीव दोन तऱ्हेच्या बागांच्या भांडणात आहे. एक फ्रान्समधल्या व्हर्सायची. राजा चौदाव्या लुईने १६६१ पासून आंद्रे ल नोत्र या बागा आखणाऱ्याकडून करून घेतलेली. फूटपट्टीने आखलेले रस्ते, कात्रीने कापलेली झाडं, मधोमध सरळ कालवा. महालाच्या खिडकीतून पाहिलं की क्षितिजापर्यंत सगळं राजाच्या हुकमात. दुसरी तऱ्हा अठराव्या शतकात इंग्लंडात रुजली. तिथे सरळ रेघ शोधून सापडत नाही. वळणाचं तळं, गवताचा चढउतार, मध्येच चार झाडांचा पुंजका. बघणाऱ्याला वाटतं देवानेच केलंय. प्रत्यक्षात मजुरांनी माती हलवलेली आणि ओढे अडवलेले असतात. 'लँडस्केप गार्डन' म्हणजे ही दुसरी. दोन्हींना 'उद्यान' म्हटलं की आपल्या वाचकाला घसरगुंडी, तुटका झोका आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी दिसते. काय करू?

सांगोल्याचा डाळिंबवाला :
ताई, आमच्याकडं बाग म्हणजे डाळिंबाची. "बाग धरली का?" म्हणजे बहार धरला का. मृग, हस्त नायतर आंबे बहार. त्याआधी पाणी तोडून बाग ताणावर सोडायची. तुमच्या राजाची बाग ताणावर कोण सोडणार? फुलं बघायला केलेल्या बागेला आमच्या गावात 'बगीचा' म्हणत्यात. बाग पोटाची, बगीचा हौसेचा.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर :
डाळिंबवाले दादांनी फरक बरोबर पकडला. 'बाग' फारसी. 'बगीचा' म्हणजे 'बागचा', छोटी बाग; फारसीत '-चा' लावला की वस्तू लहान होते, जसा देगाचा 'देगचा'. तुर्कांकडे तोच शब्द 'बाहचे' झाला. बागेचं अनेकवचन 'बागात', त्यातून आपलं 'बागाईत'. त्याच्यासमोर 'जिरायत' उभी राहिली, ती अरबी 'झिराअत'वरून. मूळ अर्थ नुसता 'शेती'. पण आपल्या कोरड्या मुलखात दोन्ही शब्दांना पाण्याने वेगळं केलं. पाणी आहे ते बागाईत, आभाळाकडे बघतंय ते जिरायत. मंगळवेढ्याची ज्वारी जिरायतीची, म्हणून काही कमी नाही.

आता मूळ प्रश्न. ताई, 'शाही उद्यान' लिहू नका. त्यात राजा दोनदा येतो. अमरकोश, तो जुना संस्कृत शब्दकोश, उघडा. "आरामः स्यादुपवनं कृत्रिमं वनमेव यत्", म्हणजे केलेलं, मुद्दाम रचलेलं वन ते आराम किंवा उपवन. मंत्र्याच्या किंवा गणिकेच्या घराची बाग ती वृक्षवाटिका. आणि "उद्यानं राज्ञः साधारणं वनम्", उद्यान मुळात राजाचंच. तेच फक्त अंतःपुरासाठी असलं तर प्रमदवन. अमरकोशाने इथे बागा झाडांवरून नाही, मालकावरून वेगळ्या केल्या. 'उद्यान' हा शब्द 'उद्' आणि 'या' यांचा, बाहेर पडणं, फिरायला निघणं. राजा नगराबाहेर निघे, ती जागा. आज तो शब्द नगरपालिकांच्या वाट्याला आला, घसरगुंडीसकट.

आणि 'कृत्रिमं वनमेव यत्' हे तुमच्या लँडस्केप गार्डनचं वर्णन नाही तर काय? ल नोत्रच्या बागेला कोणी वन म्हणणार नाही. इंग्लंडातल्या बागेला म्हणेल. मी 'उपवन' सुचवतो.

पूर्वभागी :
सर, 'उपवन' वाचलं की मला मंगल कार्यालय दिसतं. लॉन, स्टेज, पार्किंग.

बाकी आमच्या घरातली गंमत सांगतो. आम्ही तेलुगू बोलतो, बागेला 'तोट' म्हणतो, शेवटचा अ पुरा उच्चारून. आंब्याची बाग 'मामिडि तोट'. शेजारचे कन्नड काकाही तेच म्हणतात. लहानपणी आजोबा वर्गशिक्षकांना अभिमानाने म्हणाले, "गावाकडं आमचा मोठा तोटा आहे." सरांनी सहानुभूती दाखवली.

आणि 'पार्क'चं काय? आपल्याकडे "पार्कवर भेटू" म्हटलं की कुणी झाडाखाली जात नाही. क्रिकेटची मॅच, नाहीतर चौपाटीवर भेळ. सोलापुरात पार्क म्हणजे स्टेडियम, चौक आणि खाणं. झाड ऐच्छिक.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर :
हसू नका, सोलापूरकर मुळाच्या फार लांब नाहीत. जुन्या फ्रेंचमधला 'पार्क' म्हणजे कुंपण घालून राखलेली शिकारीची जागा. हरणं आत, लोक बाहेर. झाडं नंतरची, कुंपण आधीचं. मैदानाला भिंत घालून 'पार्क' म्हणणं चुकलं कुठे?

बागेच्या बहुतेक शब्दांच्या पोटात भिंतच आहे. इंग्रजी 'गार्डन' आणि 'यार्ड' यांचा मूळ अर्थ 'वेढलेली जागा'. आपलं 'गृह' आणि 'घर' त्याच कुळातलं मानतात. 'पॅरडाइज' तर त्याहून मजेचा. प्राचीन इराणी 'पइरिदएझ', म्हणजे भोवती भिंत. 'पइरि' म्हणजे आपलं 'परि'. 'दएझ' म्हणजे थापून, लिंपून केलेली भिंत. संस्कृत 'दिह्' धातू तोच, लिंपणे. ऋग्वेदात 'देही' म्हणजे तटबंदी. आपला 'देह'ही त्याच धातूचा. गढीची पांढऱ्या मातीची भिंत पाहिली असेल, तसलं काहीतरी डोळ्यासमोर आणा. इराणच्या राजांच्या या भिंतीआडच्या बागा पाहून ग्रीकांनी 'पॅरादेइसोस' शब्द उचलला, पुढे तो स्वर्गाला चिकटला. अरबीत गेला तो 'फिरदौस' होऊन. स्वर्ग म्हणजे मुळात कंपाउंड वॉल.

अनुवादवाली :
सर, हे वाचून मी चहा विसरले. मग राजबागांच्या प्रभावाची पहिली लाट युरोपातून निघालीच नाही. इराणच्या सायरस राजाची पासारगादची बाग इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली, घडीव दगडाच्या पाटांनी आखलेली. तिथून चार वाफ्यांचा 'चारबाग' इस्फहानला, आणि बाबराबरोबर आग्र्याला. १५२८ ची त्याची आरामबाग आज 'रामबाग' म्हणून ओळखली जाते. पुढे हुमायूनची कबर, ताजमहाल, औरंगाबादचा बीबी का मकबरा. चारबागेत आता हौदाबरोबर कबरही आली.

'आराम' शब्दाचं मला आश्चर्य वाटलं. फारसी 'आराम' म्हणजे विसावा, अमरकोशातला 'आराम' म्हणजे बाग. सख्ख्या बहिणी का?

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर :
चुलत म्हणा. 'रम्' एकच, रमणे. बौद्ध भिक्खूंचा मठ, 'संघाराम', आठवा. मराठीत मात्र बागेचा अर्थ गळून गेला, आपण खुर्चीतच आराम करतो. 'वृंदावना'चंही असंच झालं. अख्खं तुळशीचं वन, ते आपल्या अंगणात एका रोपापुरतं आलं. त्याच नावाचं कडू फळही आहे. आणि शाळेची सहल म्हैसूरला गेली की तिसरं वृंदावन, धरणाखालचं, कारंज्यांचं.

अनुवादवाली :
नावांवरून आठवलं. राजे बागांना नावं कशी देतात बघा. श्रीनगरची निशात बाग, 'निशात' म्हणजे आनंद. आपल्या जवळची, अहमदनगरची निजामशाही फरहबाग, १५८३ मध्ये पुरी झालेली, लोक तिला फर्‍याबाग म्हणतात. 'फरह' म्हणजे पुन्हा आनंदच. आणि जर्मनीतल्या प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने पॉट्सडॅमला १७४५ ते १७४७ मध्ये महाल बांधला, खाली द्राक्षवेलींच्या पायऱ्या उतरवल्या, नाव दिलं 'साँ सुसी'. फ्रेंच आहे. शब्दशः 'चिंतेविना'. मी अनुवादात काय लिहावं यावर अर्धा तास घालवला, आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे हा शब्द हजारो वर्षं पडून आहे. अशोक. अशोकवाटिका!

पूर्वभागी :
म्हणजे आमचा अशोक चौक हा सोलापूरचा साँ सुसी. संध्याकाळी सहा वाजता या, चिंताविरहित ट्रॅफिक दाखवतो.

पण ताई, अशोकवाटिकेत सीतामाई रडत होती. शब्द नीट बसत नाही.

अनुवादवाली :
खरंय. 'अशोक' कापला. 'निश्चिंत' ठेवते.

सांगोल्याचा डाळिंबवाला :
मला एक सांगा. एवढ्या कारंज्यांना पाणी कुठून आणलं? आमच्याकडं टँकरच्या पाण्यावर बाग जगवायची म्हटली तर जीव जातोय.

अनुवादवाली :
दादा, व्हर्सायचं खरं दुखणं तेच. जागा उंचावर, पाणी नाही. सेन नदीचं पाणी चढवायला १६८४ पासून मार्लीला चौदा अवजड चक्रांचं यंत्र चाललं, तरी सगळी कारंजी एका वेळी उडवणं परवडेना. म्हणून कारंजेवाले दबा धरून बसत. राजा पुढे आला की शिट्टी मारायची, पुढच्याने तोटी सोडायची, मागच्याने बंद करायची. राजाला सगळीकडे पाणीच पाणी दिसे.

सांगोल्याचा डाळिंबवाला :
म्हणजे चावीवाला! आमच्या गल्लीचा चावीवाला बी तसाच. मोठ्या माणसाच्या घरी पाहुणे आले की पाणी येतं. तो फक्त शिट्टी मारत नाही, मिस्ड कॉल देतो.

अनुवादवाली :
रशियाच्या पीटर द ग्रेटने पीटरहॉफच्या बागेत शहाणपणा केला. वीसेक किलोमीटरवरच्या उंचवट्यावरून पाट आणला, पाणी आपल्या भाराने खाली येतं, आजही तिथल्या कारंज्यांना पंप लागत नाही. व्हर्सायसारखी बाग हवी म्हणून स्पेनपासून रशियापर्यंत राजे हट्टाला पेटले होते. आणि त्याच रशियात कॅथरीन राणीने १७७२ मध्ये फ्रेंच लेखक व्होल्तेरला कळवलं की सरळ रेघांचा मला वीट आलाय, पाण्याचा छळ करणारी कारंजी नकोत, मला इंग्रजी बागांचं वेड लागलंय. पन्नास वर्षांत फॅशन उलटली.

ही इंग्रजी तऱ्हा जर्मनीत व्योर्लित्सला गेली. म्युनिकच्या १७८९ च्या बागेचं नावच 'एंग्लिशर गार्टन', इंग्रजी बाग. फ्रेंच मात्र तिला 'इंग्रजी-चिनी बाग' म्हणायला लागले. इंग्रजांचं श्रेय कमी करायचं हे एक, पण त्यात तथ्यही होतं. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) बादशाही बागेचं वर्णन एका फ्रेंच पाद्र्याने १७४३ मध्ये पत्रातून पाठवलं होतं, ते युरोपभर वाचलं गेलं. लंडनजवळच्या क्यूच्या राजबागेत १७६२ मध्ये दहा मजली चिनी पॅगोडा उभा राहिला. तो अजून आहे.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर :
आणि 'लँडस्केप' शब्द? तो डच चित्रकारांचा. आधी चित्र, मग तसं दिसणारं शेत, मग तशी केलेली बाग. हम्फ्री रेप्टन या इंग्रजाने १७८८ मध्ये 'लँडस्केप गार्डनर' ही धंद्याची पाटी लावली. त्याआधी ब्राउन होता, तोही राजाचा माळी, १७६४ पासून हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यावर. कुणाच्याही जमिनीकडे बघून म्हणे, इथे 'केपेबिलिटी' आहेत. तेच त्याचं टोपणनाव पडलं.

पूर्वभागी :
'जागेत दम आहे' ब्राउन. आमच्याकडे प्लॉट विकणारे सगळेच असले ब्राउन.

सांगोल्याचा डाळिंबवाला :
सर, त्या 'कृत्रिम वना'ला आमच्या बोलीत 'केलेलं रान' म्हणता येईल. पण आमच्याकडं रान म्हणजे शेतच. "रानात गेलाय" म्हणजे वाघ मारायला नाही. आमचं सगळं रान केलेलंच असतंय.

अनुवादवाली :
'केलेलं रान' मला फार आवडलं, पण 'प्रशियाच्या राजाचं केलेलं रान' छापखान्यात टिकणार नाही. ठरवलं असं. व्हर्सायसारखीला 'आखीव बाग', इंग्लंडच्या तऱ्हेला 'उपवन', पहिल्यांदा येईल तिथे सरांची 'मुद्दाम रचलेलं वन' ही फोड. 'शाही' उडवलं, गरज पडेल तिथे सरळ 'राजाची'. मंगल कार्यालयांनी माफ करावं.

एकच शब्द राहिला. या उपवनांना कुंपण दिसू द्यायचं नसे, पण गुरं-हरणं महालापाशी येऊ द्यायची नसत. म्हणून कडेला खोल चर खणत, महालाकडची बाजू उभी बांधून काढत, पलीकडची उताराची ठेवत. लांबून सलग गवत दिसे. जवळ गेल्यावर माणूस दचके. १७०९ च्या एका फ्रेंच बागकामाच्या पुस्तकात लिहिलंय की बघणाऱ्याच्या तोंडून 'आ! आ!' निघतं. इंग्रजीत त्या चराचं नावच 'हा-हा'. मराठीत काय?

पूर्वभागी :
भुईकोटाचा खंदक चालेल?

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर :
खंदक दाखवायला असतो, हा लपवायला. 'चर'च बरा. 'लपता चर'?

सांगोल्याचा डाळिंबवाला :
ताई, चर आमच्या बांधाला बी आहे, शेजाऱ्याची जनावरं येऊ नयेत म्हणून. मागच्या श्रावणात त्याचीच म्हैस पडली त्यात. तिला वर काढताना निघालेले शब्द काही 'हा-हा' नव्हते. लिहून पाठवू का?