मदत हवी आहे : कॅसिओपिया ए मधील लोह वेगळे कसे काढावे?

सप्रेम नमस्कार. शर्मिष्ठा तारकासमूहातील, सुमारे 11,000 प्रकाशवर्षे दूर असलेल्या कॅसिओपिया ए या अतिनवताऱ्याच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या) अवशेषाचा मी अभ्यास करीत आहे. त्यासाठी चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने 2004 मध्ये घेतलेली, एकूण सुमारे 10 लाख सेकंदांची खुली निरीक्षणे वापरली आहेत. या दुर्बिणीचा सीसीडी (प्रकाश टिपणारी चकती) प्रत्येक क्ष-किरण फोटॉनचे स्थान, वेळ आणि ऊर्जा नोंदवतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडते; त्यामुळे 1.85 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे फोटॉन निवडून सिलिकॉनचे आणि 6.6 च्या आसपासचे निवडून लोहाचे चित्र तयार करता आले. ताऱ्याच्या गाभ्यात घडलेले लोह आग्नेय बाजूला सिलिकॉनच्याही बाहेर फेकले गेलेले स्वतःच्या पडद्यावर दिसले, तेव्हा मी बराच वेळ त्या चित्रासमोरून हललो नाही.

अडचण अशी की, लोहाच्या चित्रात कडेचे केसासारखे बारीक तंतूही उजळ दिसतात. ते लोह नसून, आघाततरंगात प्रचंड वेग मिळालेल्या इलेक्ट्रॉनांचे सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात वळताना ते सोडतात ते, सर्व ऊर्जांवर पसरलेले प्रारण) आहे. हे प्रारण काढून टाकण्यासाठी, जिथे लोहाची रेषा नाही अशा 4.2 ते 6 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यातील चित्र एकाच गुणकाने गुणून वजा केले असता काही तंतू उरतात आणि पश्चिमेकडे ऋण आकडे येतात, कारण वर्णपटाचा उतार (ऊर्जा वाढते तसे फोटॉन किती वेगाने घटतात ते प्रमाण) जागोजागी बदलतो.

हा उतार प्रत्येक भागात स्वतंत्रपणे काढावा, तर फोटॉन तोकडे पडू नयेत यासाठी भाग किती मोठा घ्यावा? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.