खोल बर्फ: १९९८ ची फोररनर की नवी फॉरेस्टर/रॅव्ह-फोर?

डोंगरवाट: कोलोरॅडोत डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने ब्रेकनरिजला जाणं-येणं, जवळजवळ दर वीकेंडला. केबिनपर्यंतचा शेवटचा दीड मैल कच्चा, चढाचा. तिथे स्नोप्लाऊ (बर्फ बाजूला सारणारी गाडी) उशिरा फिरतो. १९९८ ची पार्ट-टाइम फोर-व्हील (चारही चाकांची ताकद लागेल तेव्हाच जोडायची) टोयोटा फोररनर ठेवावी, की विकून नवी सुबारू फॉरेस्टर किंवा टोयोटा रॅव्ह-फोर घ्यावी? जुन्या गाड्या बर्फात दणकट, हे खरं की नुसतं ऐकीव?

चेनवाला: आधी टायर बोला, गाडी नंतर. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं, म्हणजे हिवाळी टायरचं, चिन्ह हवं. आय-७० च्या मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन कायदा, म्हणजे बर्फातल्या पकडीचा नियम, लागू असतो. ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिमी लागतो, मग गाडी फोर-व्हील का असेना. गुळगुळीत टायरवरची फोर-व्हील सुटते झकास, थांबत मात्र नाही.

गिअरतेल: हायवेवर नवी गाडी सरस, वाद नको. घसरायला लागली की स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून सरळ करतं. १९९८ च्या फोररनरमध्ये ते नाही. शिवाय तिच्या एच-फोरमध्ये (फोर-व्हीलच्या नेहमीच्या गिअरमध्ये) पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडलेले असतात. कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडते, पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आय-७० वर मैलभर बर्फ, मैलभर कोरडं. सारखा लिव्हर कोण ओढत बसणार?

कच्च्या चढावर गणित बदलतं. फॉरेस्टरचा क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, ८.७ इंच. बर्फ त्याहून खोल झाला की गाडी पोटावर बसते, चाकांवरचं वजन उतरतं. मग चारही चाकं फिरली तरी काय उपयोग? जुनीही अशीच बसते, पण तिच्यात लो रेंज (एल-फोर) आहे. एल-फोरमध्ये चाकं सावकाश, पण जास्त ताकदीने आणि अखंड फिरतात. नव्या क्रॉसओव्हरमध्ये लो रेंज नसतो. पेट्रोल मॉडेलमध्ये मागच्या चाकांना ताकद क्लचमधून जाते. बराच वेळ चाकं घसरवत राहिलं की तो क्लच तापतो, ताकद कमी होते.

फावडं: नव्या गाडीत लोक अडकतात ते बऱ्याचदा ट्रॅक्शन कंट्रोलमुळे. खोल बर्फात चाक थोडं फिरायलाच हवं. संगणक नेमकी तेव्हा ताकद कापतो. रॅव्ह-फोरमध्ये तो बंद करायला गाडी उभी असताना ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरा. फॉरेस्टरमध्ये एक्स-मोडचा (खराब रस्त्यासाठीच्या सेटिंगचा) 'डीप स्नो/मड' असेल तर तो लावा.

अडकलात तर आधी सायलेन्सरच्या तोंडचा बर्फ काढा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. मग पोटाखालचा उपसा. चाकासमोरचा उपसून भागत नाही, गाडी टेकलेली असते पोटावर. स्टिअरिंग सरळ ठेवून चार-पाच वेळा मागेपुढे झुलवा. तेवढ्यात नाही निघाली तर थांबा, गिअरबॉक्स तापतो.

चेनवाला: टायरवर बांधायच्या चेनचंही बघा. १९-२० इंची रिम असली तर टायर आणि सस्पेन्शनमध्ये चेनपुरती जागा नसते. मॅन्युअलमध्ये कोणत्या मापाला परवानगी आहे ते वाचा. हिवाळ्यापुरती १७ इंची रिम बसवता आली तर उत्तम, पण ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे आधी तपासा. चेन रॅव्ह-फोर आणि फॉरेस्टरला पुढे, फोररनरला मागे.

डोंगरवाट: ओढून काढायची वेळ आली तर?

गिअरतेल: नव्यात टो हूक बंपरमधल्या छोट्या झाकणामागे स्क्रू करून लावायचा असतो, तो टूलकिटमध्ये आहे ना ते आजच पाहा. ओढ सरळ हवी. तिरकी दिली की हूक वाकतो. ओल्या बर्फात रॅव्ह-फोरचा पुढचा रडार झाकला जातो, अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा) बंद पडतो. बिघाड नाही तो. पुसा, पुढे चला.

फोररनर ठेवणार असाल तर मागच्या कंट्रोल आर्मपाशी फ्रेम हातोडीने ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर आत गंज आहे. रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, तेव्हा दर खेपेनंतर खालून धुवाच. आणि खडीवर एच-फोर लावून पाहा: डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा स्थिर राहिला तर जोडलंय, लुकलुकत राहिला तर पुढची चाकं जोडलीच नाहीत.

माझं मत: हिवाळी टायरवरची फॉरेस्टर, डिकीत फावडं आणि चेन. दीड मैलावर फूटभर बर्फ दिसला तर मात्र प्लाऊची वाट बघा. तिथे फोररनरही टेकते.