बर्फातली मागच्या चाकांची सेडान: दोन हजार डॉलर एक्सड्राइव्हला द्यायचे की टायरला?

नटबोल्ट (मूळ लेखन)

शिकागो-डेट्रॉइटकडे जर्मन सेडान घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "एक्सड्राइव्हच घे, साधी घेतलीस तर हिवाळाभर गॅरेजात." (एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा; साध्या गाडीत ती फक्त मागच्या चाकांना जाते.) मला हा सल्ला आळशी वाटतो. उदाहरणाला २०१७-१८ ची बीएमडब्ल्यू ३३०आय (एफ३० ही पिढी) घेऊ. सेकंडहँड बाजारात ती मुबलक आहे आणि दोन्ही प्रकारांत मिळते.

या गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे. बॅटरीसुद्धा डिकीत बसवलेली. मागच्या चाकांच्या गाड्यांची बर्फातली बदनामी आहे ती जुन्या अमेरिकन सेडानची: पुढे अवजड व्ही-८, मागे रिकामी डिकी आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पत्ता नाही. आज गाडी अडकते ती बहुतेक वेळा टायरमुळे. स्पोर्ट पॅकेजवर पुढे २२५/४५आर१८ आणि मागे २५५/४०आर१८ असे उन्हाळी टायर येतात. ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते रबर कडक व्हायला लागतं. उणे ७ च्या खाली तर असे टायर वापरूच नका, ट्रेडला तडे जातील, असं टायर कंपन्याच बजावतात. शिवाय मागचे २५५ बर्फ कापत नाहीत, बर्फावर तरंगतात.

उपाय: वेगळ्या रिमवर चार हिवाळी टायर, चारही एकाच मापाचे. २२५/५०आर१७, रिम १७×७.५, ऑफसेट ३७, बोल्टचं वर्तुळ ५×१२०. टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह हवं. नुसतं एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरत नाही, ते अक्षर मिळवायला बर्फावरची चाचणी लागत नाही. टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी डॉट कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) ४ मिलिमीटरच्या खाली गेला की तो टायर हिवाळ्यातून बाद समजा, कायद्याचा १.६ चा आकडा विसरा. बोल्ट टॉर्क रेंचने १४० न्यूटन-मीटरवर आवळायचे आणि ८०-१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायचे.

रिम, टायर आणि हवेचे सेन्सर धरून साधारण १,२०० ते १,८०० डॉलर. नव्या गाडीवर एक्सड्राइव्हचे दोन हजार जास्त मोजावे लागतात, आणि त्यात टायर तेच राहतात.

शून्याखाली (मिनियापोलिस)

टायरबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल अजिबात नाही.

शिकागोत मीठ मारलं की रस्ता काळा होतो. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली जवळपास निकामी असतं. जानेवारीत इथे आठवडाभर उणे २० असतं, तेव्हा मुख्य रस्ते वाळू आणि इतर रसायनांवर निभावतात आणि वस्तीतल्या चौकांची काच होते. सिग्नलला प्रत्येक गाडीची चाकं थोडी फिरतात, खालचा बर्फ वितळतो, लगेच गोठतो. अशा जागेवर चढ असेल तर डिकीत बॅटरी असल्याने काहीही फरक पडत नाही.

"चार हिवाळी टायर" हे उत्तर एडब्ल्यूडीलाही (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीलाही) तेवढंच लागू आहे. मग तुलना समान टायरवर करा की! दोघांना तेच टायर चढवले तर हुशारीला जागा कुठे राहते?

गणिती

आकडे मांडतो. पकडीचे (टायर आणि रस्त्यामधल्या घर्षणाचे) आकडे अंदाजी आहेत, पण क्रम कळायला पुरेत. गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस (एफ३० ला २,८१० मिमी) सुमारे ०.१९ धरला आहे. सरळ चढावर, न घसरता कमाल किती चढ चढेल (१० टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर वर):

दाबलेला बर्फ, हिवाळी टायर (पकड ०.२५): मागची चाकं १३ टक्के, पुढची चाकं १४ टक्के, चारही चाकं २५ टक्के.
तोच बर्फ, झिजत आलेले ऑल-सीझन (पकड ०.१५): मागची पावणेआठ, पुढची पावणेनऊ, चारही १५.
चौकातली काच (पकड ०.१): मागची ५, पुढची ६, चारही १०.

दोन गोष्टी दिसतात. एक, ज्या पुढच्या चाकांच्या कॅमरीला कुणी नावं ठेवत नाही तिच्यात आणि या सेडानमध्ये एका टक्क्याचा फरक आहे. चढावर वजन मागे सरकतं, ते मागच्या चाकांच्या पथ्यावर पडतं. (म्हणूनच पुढच्या चाकांची गाडी अडली की लोक तोच चढ रिव्हर्समध्ये चढून जातात.) दुसरी गोष्ट नटबोल्ट यांना आवडणार नाही: ऑल-सीझनवरची एडब्ल्यूडी १५ टक्के चढते, हिवाळी टायरवरची तुमची गाडी १३.

आता थांबणं. ताशी ५० किलोमीटरवरून पकड ०.२५ ला ३९ मीटर, ०.१५ ला ६६ मीटर. इथे किती चाकांना ताकद जाते याला शून्य महत्त्व. म्हणजे ती एडब्ल्यूडी जास्त चढेल आणि २७ मीटर पुढे जाऊन थांबेल.

इसारकाठ (म्युनिक)

बायर्नमध्ये (बव्हेरियात) हा वादच हास्यास्पद वाटतो. जर्मनीत वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणजे मागच्या चाकांची डिझेल ई-क्लास. हिवाळ्यातही तीच विमानतळावर येते.

मात्र एक अट अमेरिकेतले लोक विसरतात. इथे रस्त्यावर बर्फ किंवा घसरण असेल तर हिवाळी टायर कायद्याने लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगर-हिमकण चिन्हाचेच चालतात. ऑस्ट्रियात शिरलात तर ट्रेड किमान ४ मिलिमीटर. म्हणजे आजूबाजूचे सगळेच योग्य टायरवर असतात; चढावर पुढची गाडी अडून तुमचा वेग मोडण्याचे प्रसंग कमी येतात.

टायरचा प्रकारही बघा. मिनेसोटाला स्कँडिनेव्हियन पद्धतीचा मऊ टायर शोभतो. इथे हिवाळा म्हणजे बहुतांशी ओला रस्ता आणि चिखलबर्फ, वर ऑटोबानचा वेग. तो मऊ टायर इथे भरकटतो. इथे मध्य युरोपीय, थोडा कडक प्रकार घ्यायचा. टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल (टायरवरचं टी अक्षर म्हणजे ताशी १९० किलोमीटर) तर चालकाला दिसेल असं स्टिकर लावणं बंधनकारक आहे.

नटबोल्ट

गणिती, आवडलं नाही तरी मान्य. पण शून्याखाली यांच्या "समान टायर" मुद्द्यावर: व्यवहारात समान टायर नसतात हीच तर अडचण. एडब्ल्यूडी घेणारा "आता टायर कशाला" म्हणून मोकळा होतो. गाडी सुटताना घसरत नाही, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे त्याला पहिल्या ब्रेकलाच कळतं.

बाकी, चालवायची पद्धत कुणी लिहिलीच नाही.

सुटताना स्टिअरिंग सरळ. डीएससीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण एकदाच, थोडक्यात दाबा: डीटीसी हा सैल मोड चालू होतो, म्हणजे चाकाला थोडं घसरू दिलं जातं पण गाडी आडवी होऊ लागली तर यंत्रणा सावरते. पूर्ण बंद करायला बटण दाबून धरावं लागतं. ते फक्त खोल भुसभुशीत बर्फातून बाहेर पडण्यापुरतं, कारण तिथे यंत्रणा इंजिनाची ताकदच कापते आणि गाडी जागच्या जागी गुदमरते. बाहेर आलात की लगेच चालू. शक्य तिथे दुसऱ्या गिअरवर सुटा. जुन्या मर्सिडीजमध्ये एस/डब्ल्यू बटण याचसाठी होतं, लेक्ससमध्ये स्नो मोड असतो. चाक फिरलं की पाय काढा. फिरवत राहिलात तर स्वतःच्याच चाकाखाली काच तयार कराल.

मागची बाजू सुटली तर नजर जायचंय तिकडे, स्टिअरिंग तिकडेच, अ‍ॅक्सिलरेटर हळू कमी. एकदम सोडायचा नाही. भारतात स्विफ्ट-आय२० वर हात बसलेल्यांना हे उलटं जातं: त्या गाड्या नाक बाहेर काढतात आणि पाय सोडला की वळतात. इथे पाय झटक्यात सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं इंजिन-ब्रेकिंगने आणखी धरली जातात आणि गाडी गिरकी घेते. त्याच कारणाने बर्फाळ उतारावर पॅडलने दोन गिअर एकदम खाली टाकू नका. यंत्रणा इंजिनाची ओढ कमी करते, पण काचेवर तिलाही मर्यादा आहे.

सारथी

वाळूची पोती राहिली. अमेरिकेत ६० पौंडांची (२७ किलो) लांब नळीसारखी पोती मिळतात, दोन घेऊन डिकीत टाकायची. सोपा आणि स्वस्त उपाय.

गणिती

पिकअपला सोपा, या सेडानला नाही. डिकीचा बराच भाग मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे, तिथे ठेवलेलं वजन पुढची चाकं किंचित उचलतं. म्हणजे वळणाची पकड घटते, आणि घसरलेली मागची बाजू वजनामुळे लंबकासारखी जास्त झोकांडते. ५४ किलो घालून मागच्या चाकांवरचा हिस्सा जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. ठेवायचीच तर सीटच्या पाठीला टेकून, पट्ट्याने बांधून. अपघातात सुटलेलं २७ किलोचं पोतं माणसाच्या पाठीत येतं.

पोत्यापेक्षा टाकी निम्म्याच्या वर ठेवा. अडकून पडलात तर हीटरलाही पेट्रोल उरतं. मात्र इंजिन चालू ठेवून बसण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. चाकाखाली टाकायला मांजराच्या शौचासाठीच्या मातीची (कॅट लिटर) पिशवी चालेल, पण गुठळ्या न होणारी. गुठळीवाली ओली झाली की नुसता चिकट राडा होतो.

टाहोवारी (बे एरिया)

तुम्ही सगळे सपाट प्रदेशातले. आमच्याकडे वर्षभर गाडी कोरड्या रस्त्यावर आणि हिवाळ्यात मोजके वीकेंड टाहो सरोवराकडे, आय-८० महामार्गावरून डॉनर समिट खिंडीला, सात हजार फुटांहून वर. तिथे पकडीचं गणित कुणी विचारत नाही, पाटी विचारते. आर-२ (बर्फाच्या नियमांची दुसरी पायरी) लागलं की टायरवर चेन बंधनकारक. सूट फक्त एडब्ल्यूडी किंवा फोरव्हीलला, तीही चारही चाकांवर स्नो टायर असतील आणि गाडीत चेन असतील तरच. मागच्या चाकांच्या गाडीवर जगातला सर्वोत्तम हिवाळी टायर असला तरी आर-२ मध्ये रस्त्याकडेला गुडघे टेकून चेन चढवायच्या, नंतर ताशी २५-३० मैलांनी रांगायचं.

त्यात गोम अशी की मागच्या २५५ टायरवर चेनला जागाच नसते. बीएमडब्ल्यूचं मॅन्युअल ठरावीक मापांवरच चेनला परवानगी देतं, तीही फक्त मागच्या चाकांवर आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत. टाहोला जायचं तर एक्सड्राइव्ह घ्या आणि विषय संपवा.

शून्याखाली

+१. आणखी एक मुद्दा माझ्याच बाजूविरुद्ध जाणारा, पण लिहायला हवा. वादळ झाल्यावर सकाळी बर्फाच्या नांगराने (बर्फ हटवणाऱ्या गाडीने) रस्ता साफ केलेला नसेल तर दोन्ही गाड्या सारख्याच. पोटाखाली जेमतेम १४ सेंटिमीटर जागा, एक्सड्राइव्हला जवळपास तेवढीच. नांगराने ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकलेला बर्फाचा बांध त्याहून उंच असतो. त्यावर गाडीचं पोट टेकलं की चारही चाकं हवेत, आणि फावडं हाच एकमेव ड्राइव्ह. बफेलोसारख्या लेक-इफेक्ट पट्ट्यात (सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे जोराचा बर्फ पडतो तिथे) हे वारंवार होतं. तिथे सेडानचा हट्ट कशाला?

पिट्सबर्गची कँटन अ‍ॅव्हेन्यू तर सोडूनच द्या, ३७ टक्के चढ. गणिती यांच्या तक्त्यात कुठलीच गाडी बसत नाही.

इसारकाठ

एक्सड्राइव्हचा खर्च कुणी धरला नाही. चारही टायरचा परीघ जुळलेला लागतो. एक टायर खिळ्याने गेला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले तर बऱ्याचदा चारही बदलावे लागतात, नाहीतर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) सतत फरक सोसत राहतो. त्याचं तेलही वेळेवर बदलायला हवं. सेकंडहँड घेताना कमी वेगात पूर्ण वळण घेऊन गाडी थरथरते का बघा.

वायरमन

इलेक्ट्रिक सेडान या चर्चेत यायलाच हवी. बीएमडब्ल्यूची आय४ ईड्राइव्ह४० मागच्या चाकांची आहे आणि तिचं घसरण-नियंत्रण मोटरच्या कंट्रोलरमध्येच बसवलं आहे. इंजिनच्या गाडीत संदेश फिरून येईपर्यंत चाक अर्धा फेरा फिरतं, इथे ते जागीच धरलं जातं. काचेवरून सुटायला ही गाडी पेट्रोलवालीपेक्षा कितीतरी शांत.

उलट बाजू: पाय उचलला की रिजनरेशनचा ब्रेक (मोटरच वीज बनवत गाडी धरते तो) फक्त मागच्या चाकांवर. नटबोल्ट यांनी सांगितलेली झटक्यात पाय सोडण्याची चूक इथे सवय म्हणूनच केली जाते. बर्फ दिसला की बी मोड (जोरदार रिजनरेशनचा) नको, रिजनरेशन कमीवर ठेवा आणि थांबायला ब्रेकचं पेडल वापरा.

सारथी

ठीक, पोती रद्द. शिकागोच्या उपनगरात ३३०आय साधी, चार हिवाळी टायर. रिम १६ इंची घेतल्या तर टायर आणखी स्वस्त आणि अरुंद मिळतील ना?

नटबोल्ट

साध्या ब्रेकवर चालतील, २२५/५५आर१६. एम स्पोर्ट ब्रेक असतील (कॅलिपर बहुधा निळे असतात, पुढची डिस्क ३४० मिमी) तर १६ बसतच नाहीत आणि १७ मधलीसुद्धा प्रत्येक डिझाइन बसत नाही. आरे कॅलिपरला घासतात. दुकानदाराला चेसिस नंबरचे शेवटचे सात आकडे-अक्षरं द्या आणि ब्रेकचा प्रकार पडताळून घ्या. सेन्सरही त्याच वेळी बसवून घ्या, म्हणजे टायर दोनदा उतरवावे लागणार नाहीत. हवा भराल ती थंड टायरमध्ये, गाडी बाहेर उभी असताना: तापमान साडेपाच अंशांनी घसरलं की सुमारे १ पीएसआय जाते. १५ अंशांच्या गॅरेजात भरलेला टायर उणे २० मध्ये सहा पीएसआय कमी दाखवेल आणि पहिल्याच सकाळी पिवळा दिवा लागेल.

शून्याखाली

आणि ऑर्डर सप्टेंबरात द्या. पहिला बर्फ पडला की २२५/५०आर१७ हे माप दुकानातून सगळ्यात आधी गायब होतं.